गोदामातील बिनतारी संगणक : नूतनीकरण का आणि कसे?

औद्योगिक प्रगतीचे मोजमाप करताना आपण सामान्यतः कारखाने किती उभे राहिले आणि वाहने किती तयार झाली, याचाच विचार करतो. परंतु कारखान्यातून बाहेर पडलेले वाहन पुढे अनेक वर्षे चालू राहावे लागते आणि ते चालू राहणे सुट्या भागांच्या पुरवठ्यावर अवलंबून असते. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरची क्लच प्लेट गेली किंवा रुग्णवाहिकेचा स्टार्टर बंद पडला, तर पुढचा प्रश्न एकच असतो : भाग कोठे आहे आणि तो केव्हा मिळेल? तालुक्याच्या विक्रेत्याकडे भाग नसल्यास मागणी कंपनीच्या वितरण गोदामाकडे जाते. तेथील संगणक ‘चार नग शिल्लक’ असे दाखवतो. कामगार कप्प्यापाशी जातो, तर कप्पा रिकामा असतो. नोंदीत असलेला पण हाती न लागणारा असा भाग मुळीच नसलेल्या भागापेक्षाही अधिक नुकसान करतो. कारण तो आहे या भरवशावर दुसरीकडे शोधच घेतला जात नाही.

नोंद आणि प्रत्यक्ष माल यांतील ही तफावत कमी करणे, हे गोदामातील बिनतारी संगणकांचे मुख्य कार्य होय. जगातील अनेक गोदामांतून हे संगणक आणि त्यांना जोडणारी बिनतारी व्यवस्था बदलण्याचे काम गेल्या काही वर्षांत हाती घेण्यात आले. हा बदल का आवश्यक ठरला आणि तो कोणत्या क्रमाने केल्यास फलदायी होतो, याचा परिचय येथे करून देत आहोत.

सुट्या भागांचे वेगळेपण

धान्याच्या किंवा सिमेंटच्या गोदामात मालाचे प्रकार थोडे आणि प्रत्येकाचा साठा मोठा असतो. सुट्या भागांच्या गोदामात स्थिती नेमकी उलट असते. वॉशर, ऑइल सीलपासून बॉनेट आणि काचेपर्यंत हजारो प्रकारच्या वस्तू तेथे असतात. त्यांपैकी काहींची मागणी रोज येते, तर काहींची वर्षातून एखाद्या वेळी. दिसायला सारखे असणारे दोन ब्रेक शू वाहनाच्या निर्मितीच्या वर्षानुसार वेगळे असू शकतात. शिवाय कंपनी एखाद्या भागाचा क्रमांक रद्द करून त्याच्या जागी नवा क्रमांक देते. तेव्हा जुना साठा आणि नवी मागणी यांची सांगड घालावी लागते. अशा ठिकाणी केवळ नजरेवर आणि स्मरणशक्तीवर विसंबून चालत नाही. भागाचा क्रमांक, कप्प्याचा क्रमांक आणि नगांची संख्या या तीन गोष्टी जुळल्या, तरच योग्य भाग योग्य वाहनापर्यंत पोहोचतो.

नोंद हाताबरोबर चालते

जुन्या पद्धतीत कामगार छापील यादी घेऊन फिरत असे. काढलेल्या मालापुढे तो खूण करी आणि दिवसाच्या अखेरीस लिपिक त्या खुणा संगणकात चढवी. सकाळी दहा वाजता काढलेला शेवटचा नग सायंकाळपर्यंत संगणकाच्या लेखी शिल्लकच राहत असे. दरम्यानच्या काळात तोच नग दुसऱ्या विक्रेत्याला कबूल केला जाई.

बिनतारी संगणकामुळे हा अवधी काही क्षणांवर येतो. कामगारांच्या बोलीत ज्याला सरसकट ‘स्कॅनर’ म्हणतात, तो वस्तुतः हातात मावणारा संगणकच असतो. कोणत्या कप्प्याकडे जावयाचे, हे त्याच्या पडद्यावर दिसते. कामगार आधी कप्प्यावरील आणि मग भागावरील बारकोड वाचवून घेतो. क्रमांक जुळला नाही तर यंत्र तेथल्या तेथे इशारा देते. जुळला तर नोंद रेडिओ लहरींच्या साहाय्याने मुख्य संगणकाकडे जाते. माल उतरवून घेणे, कप्प्यात लावणे, मागणीप्रमाणे काढणे, मोजणी करणे आणि ट्रकमध्ये भरणे ही सर्व कामे याच रीतीने होतात. हाताने वस्तू उचलावी आणि त्याच क्षणी तिची नोंद व्हावी, हे या व्यवस्थेचे सूत्र आहे.

आजवरची वाटचाल

या व्यवस्थेमागे दोन स्वतंत्र शोधांचा इतिहास आहे. नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकन संशोधकांना १९५२ मध्ये बारकोडचे पेटंट मिळाले. मात्र तो दैनंदिन व्यवहारात येण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी एका दुकानात च्युइंग गमच्या पुडक्यावरील बारकोड प्रथम वाचण्यात आला. दुसरीकडे, १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने नॉर्मन अब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली वेगवेगळ्या बेटांवरील संगणक रेडिओ लहरींनी जोडण्याचा प्रयोग यशस्वी केला. अमेरिकेने १९८५ मध्ये काही रेडिओपट्टे अल्पशक्तीच्या अशा वापरासाठी खुले केले आणि १९९७ मध्ये आयईईई या संस्थेने ८०२.११ हे मानक प्रसिद्ध केले. आज घरोघरी परिचित असलेले वायफाय ते हेच. त्याचा आरंभीचा वेग सेकंदाला केवळ १ ते २ मेगाबिट होता. १९९९ मध्ये तो ११ मेगाबिटपर्यंत गेला.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. ५ गिगाहर्ट्झमधील विस्तृत पट्टा २०१८ मध्ये खुला झाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर केवळ करासाठी राज्यागणिक लहान गोदामे ठेवण्याचे कारण उरले नाही आणि मोठ्या, मध्यवर्ती गोदामांना चालना मिळाली. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या भिवंडी परिसरात आणि वाहन उद्योगाचे केंद्र असलेल्या चाकण परिसरात उभी राहिलेली विस्तीर्ण गोदामे आपल्या परिचयाची आहेतच.

नूतनीकरणाची निकड

जुनी यंत्रे चालू असताना ती का बदलावी, असा प्रश्न कोणाही काटकसरी अधिकाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची तीन उत्तरे देता येतील.

पहिले कारण आज्ञावलीच्या आयुष्याचे. गोदामांतील बहुसंख्य जुनी हातयंत्रे मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या छोट्या विंडोज प्रणालींवर चालत असत. त्यांपैकी ‘विंडोज एम्बेडेड हँडहेल्ड ६.५’ या प्रणालीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि ‘विंडोज एम्बेडेड कॉम्पॅक्ट २०१३’चा आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. आधार संपणे याचा अर्थ यंत्र बंद पडणे नव्हे. परंतु पुढे आढळणारे दोष दुरुस्त करून मिळत नाहीत. त्यामुळे अनेक गोदामे अँड्रॉइड प्रणालीवरील यंत्रांकडे वळली.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. आरंभीच्या वायफायमधील वेप ही सांकेतिक पद्धत सहज भेदता येते, हे २००१ मध्येच सिद्ध झाले. तरीही ती अनेक ठिकाणी चालू राहिली. कारण जुन्या यंत्रांना दुसरी पद्धत कळत नव्हती. अमेरिकेतील टीजेएक्स या दुकानसाखळीच्या संगणकांतून ग्राहकांच्या कोट्यवधी कार्डांची माहिती चोरीस गेल्याचे २००७ मध्ये उघड झाले. त्या प्रकरणाच्या चौकशीत या दुर्बल बिनतारी संरक्षणाचा उल्लेख झाला. एक जुने यंत्र सांभाळण्यासाठी सर्व जाळ्याचे दार अर्धवट उघडे ठेवणे किती महाग पडते, याचे हे उदाहरण होय. २००४ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ या पद्धती त्या मानाने पुष्कळ सुरक्षित आहेत.

तिसरे कारण माणसाचे. जुन्या यंत्रांच्या लहान पडद्यावर रोमन अक्षरांतील आखूड शब्द येत आणि कळफलकाची बटणे पाठ करावी लागत. नव्या यंत्रांवर भागाचे चित्र दाखवता येते आणि सूचना देवनागरीतून देता येतात. नव्या कामगाराला काम शिकण्यास त्यामुळे कमी वेळ लागतो.

लोखंडी मांडण्या आणि रेडिओ लहरी

नवी यंत्रे विकत घेतली की नूतनीकरण झाले, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात खरी परीक्षा रेडिओ लहरींची असते. लोखंड लहरींना परावर्तित करते. तेल, शीतक द्रव यांसारखे द्रव पदार्थ आणि रबराचे ढीग त्यांना कमी-अधिक प्रमाणात अडवतात. पत्र्याचे छप्पर, उंच लोखंडी मांडण्या आणि धातूच्या भागांनी भरलेले कप्पे यांमुळे गोदाम म्हणजे लहरींच्या दृष्टीने एक चक्रव्यूहच असतो. मांडण्या रिकाम्या असताना उत्तम चालणारी व्यवस्था हंगामाचा माल भरल्यावर कोपऱ्याकोपऱ्यांत मुकी होते. म्हणून लहरींची पाहणी माल भरलेला असताना आणि कामगार प्रत्यक्ष वापरणार असलेल्या यंत्रानेच करावी लागते.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या सामान्यतः तीनच मिळतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्या अधिक असल्या तरी त्या लहरींचा पल्ला तुलनेने कमी असतो. त्यामुळे जुन्या ॲक्सेस पॉइंटच्या जागीच नवे टांगून भागत नाही. जागा आणि संख्या नव्याने ठरवावी लागते. नुसती संख्या वाढवणेही उपयोगाचे नाही. शेजारचे ॲक्सेस पॉइंट एकाच वाहिनीवर बोलू लागले, तर एकमेकांच्या बोलण्यात व्यत्यय आणतात.

कामगार किंवा फोर्कलिफ्ट एका वाटेतून दुसरीकडे जाताना यंत्राला एक ॲक्सेस पॉइंट सोडून दुसरा धरावा लागतो. या संक्रमणात विलंब झाला तर जुन्या आज्ञावलीत अर्धी नोंद हरवत असे. नव्या आज्ञावली नोंद यंत्रातच जपून संपर्क आल्यावर पाठवू शकतात. ही सोय चांगली आहे. परंतु तिच्या भरवशावर लहरींचे मुके कोपरे तसेच ठेवले, तर नोंद पुन्हा मालाच्या मागे पडू लागते आणि मूळ दुखणे नव्या यंत्रातही कायम राहते.

बदलाचा क्रम

या कामाचा आरंभ यंत्राच्या किमतीपासून नव्हे, तर कप्प्यांपासून करणे हितावह ठरते. फाटलेल्या, तेलकट किंवा चुकीच्या जागी लावलेल्या पट्ट्या आधी बदलाव्या लागतात. कारण चुकीची पट्टी उत्तम यंत्रही अचूकपणे चुकीचीच वाचते. त्यानंतर एकदा पूर्ण मोजणी करून नोंदी शुद्ध कराव्यात.

पुढचा टप्पा एका विभागापुरत्या प्रयोगाचा. थोड्या कामगारांनी काही आठवडे नवी यंत्रे वापरावीत, त्यांच्या अडचणी टिपून घ्याव्यात आणि मगच शेजारचा विभाग जोडावा. या काळात जुन्या यंत्रांसाठी वेगळे, मर्यादित जाळे ठेवावे आणि शेवटचे जुने यंत्र निघताच ते बंद करावे. बदल वार्षिक मोजणीच्या किंवा हंगामाच्या ऐन गर्दीत करू नये. ॲक्सेस पॉइंट आणि त्यांना जोडणारी उपकरणे यांना वीज खंडित झाल्यावरही काही काळ पुरवठा मिळावा. यंत्रांच्या बरोबरीने जादा बॅटऱ्या घ्याव्यात. पाळीच्या मध्यावर बॅटरी संपलेला संगणक हा हातातला दगडच होय. सर्व व्यवस्था बंद पडल्यास वापरावयाची छापील यादीची पद्धतही लिहून ठेवावी आणि अधूनमधून तिचा सराव करावा.

निकालात निघालेल्या यंत्रांतील माहिती पुसून ती नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावयाची असतात. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत.

कामगारांचा विश्वास

प्रत्येक गोदामात असा एखादा जुना भांडारी असतो, ज्याला कोणता भाग कोठे आहे हे डोळे मिटून सांगता येते. नवे यंत्र आपले हे ज्ञान निरुपयोगी ठरवील, ही त्याची धास्ती अनाठायी म्हणता येत नाही. शिवाय यंत्र प्रत्येक हालचालीची वेळ नोंदवते. या नोंदींचा उपयोग चुका शोधण्यासाठी आणि वाटा सोप्या करण्यासाठी होणार की केवळ माणसाला पळवण्यासाठी, हे व्यवस्थापनाने आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक असते. जेथे विश्वास नसतो, तेथे कामगार आधी दहा नग काढतात आणि मग सोयीने दहा बारकोड एकदम वाचवतात. तसे झाले की यंत्र नवे असूनही नोंद जुन्याच पद्धतीने होऊ लागते. याउलट कप्प्यांची मांडणी ठरवताना त्या जुन्या भांडाऱ्याला विचारले, तर त्याचे ज्ञान व्यवस्थेत उतरते आणि तो निवृत्त झाल्यावरही टिकते.

सार्वजनिक भांडारांसाठी बोध

हा विषय केवळ खाजगी कंपन्यांचा नाही. एसटीची एखादी बस भागाअभावी आगारात उभी राहिली, तर त्या मार्गावरील विद्यार्थ्यांची शाळा बुडते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधांचा साठा आणि शाळेतील पोषण आहाराचे धान्य यांनाही नोंद आणि माल यांच्या मेळाचा तोच नियम लागू आहे. लसींच्या साठ्यासाठी देशात २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-विन’ या प्रणालीत आरोग्य कर्मचारी मोबाइल फोनवरून नोंद करतात. त्यामागील तत्त्व हेच आहे.

अशी खरेदी करताना समितीने सर्वांत कमी दराबरोबर आणखी चार प्रश्न विचारावेत. यंत्राच्या प्रणालीला सुरक्षा दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत मिळतील? लहरींची पाहणी माल भरलेला असताना झाली आहे काय? प्रशिक्षण कोणत्या भाषेत आणि किती दिवस मिळेल? आणि यंत्र बिघडल्यास बदली यंत्र किती दिवसांत येईल? यांची उत्तरे लेखी मिळाली, तर पुढील अनेक वर्षांचा मनस्ताप टळतो.

यंत्रे कालांतराने पुन्हा बदलतील, लहरींचे पट्टे बदलतील, नवी मानके येतील. परंतु कप्प्यात जेवढे आहे तेवढेच नोंदीत असावे, ही भांडाराची पहिली शिस्त बदलणार नाही. या शिस्तीला बळ देणारे नूतनीकरण झाले, तरच दूरच्या शिवारात उभा असलेला ट्रॅक्टर वेळेत पुन्हा चालू होईल.