भाव, प्रत आणि आवक : नवा बोर्ड बाजारात येतो तेव्हा
(वालूर, ता. सेलू, जि. परभणी येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



सोयाबीनची गाडी बाजारात नेली की आपण तीन गोष्टी विचारतो. आज भाव काय निघाला, माल कोणत्या प्रतीचा धरतात आणि आवक किती आहे. आजचा आपला विषय सिंगल बोर्ड कॉम्प्युटरचा आहे, म्हणजे एकाच पाटीवर अख्खा मावणाऱ्या संगणकाचा. असा नवा बोर्ड जाहीर झाला की जगभरातली हौशी मंडळी दोन दिवसांत आपलं मत सांगून मोकळी होतात, आणि त्यांचं बोलणंही याच तीन गोष्टींभोवती फिरतं. कुणी म्हणतं महाग झाला. कुणी म्हणतं हवं ते दिलंच नाही. कुणी म्हणतं सगळं बरोबर आहे हो, पण मिळतोय कुठे? या तीन तक्रारी कशा वाचायच्या आणि त्यातून आपल्या गावाने, आपल्या शाळेने काय घ्यायचं, तेवढंच आज बघू.

आधी वस्तू समजून घेऊ. हा बोर्ड एटीएम कार्डाएवढा असतो. प्रोसेसर, मेमरी आणि जोडणीच्या खाचा सगळं एकाच पाटीवर. पडदा, कीबोर्ड, डबा यातलं काही सोबत येत नाही. कार्यप्रणाली मोबाईलमध्ये घालतो तसल्या छोट्या मेमरी कार्डावर राहते. घरातल्या टीव्हीला जोडला की संगणक तयार. कडेला पिनांची रांग असते. तिला तापमापक, ओल मोजायचा सेन्सर, मोटारीचा रिले अशा वस्तू जोडता येतात. नेहमीच्या लॅपटॉपला ही सोय नसते.

पस्तीस डॉलरचा शब्द

या बोर्डांमध्ये सगळ्यात जास्त नाव झालं ते रास्पबेरी पायचं. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका शैक्षणिक संस्थेने तो काढला. शाळकरी मुलांनी संगणक नुसता वापरू नये, तो चालवायला आणि घडवायला शिकावं, हा हेतू. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला बोर्ड विक्रीला आला. किंमत ३५ डॉलर, मेमरी २५६ एमबी. पहिली खेप १०,००० बोर्डांची होती. विकणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या वेबसाइट त्या दिवशी गर्दीने कोलमडल्या आणि सुरुवातीला माणशी एकच बोर्ड मिळत होता.

म्हणजे भाव कमी आणि आवक तुटपुंजी, ही गोष्ट पहिल्या दिवसापासूनची आहे.

पण '३५ डॉलर' हा आकडा लोकांच्या डोक्यात बसला. तो नुसता भाव राहिला नाही, दिलेला शब्द झाला. हौशी मंडळींनी त्या शब्दावर विश्वास ठेवून फुकट धडे लिहिले, प्रोग्राम लिहून वाटले, शाळांमध्ये जाऊन शिकवलं. म्हणून पुढे भाव वाढला तेव्हा त्यांना राग आला तो गिऱ्हाइकाचा नव्हता. सोबत राबलेल्या माणसाचा होता.

भाव : जाहीर झालेला आणि हातात पडलेला

आता आकडे बघू. २०१९ च्या जूनमध्ये पाय ४ आला, तोही ३५ डॉलरपासून. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपटंचाईमुळे पहिल्यांदा दरवाढ झाली. २ जीबीचा बोर्ड ३५ वरून ४५ वर गेला. २८ सप्टेंबर २०२३ रोजी पाय ५ जाहीर झाला, ४ जीबीचा ६० डॉलर आणि ८ जीबीचा ८० डॉलर. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी चिपा महागल्या, कारण एआयची मोठमोठी केंद्रं त्या उचलत आहेत. मग हेच बोर्ड ७० आणि ९५ डॉलरला गेले, आणि १६ जीबीचा १२० वरून १४५ ला.

हौशी मंडळी म्हणतात, लूट आहे. खरंच आहे का? २०१२ चे ३५ डॉलर म्हणजे अमेरिकेतली महागाई धरली तर २०२३ चे साधारण ४७. त्या मानाने ६० जास्तच झाले, तेव्हा तक्रार पोकळ नाही. पण डिसेंबर २०२५ मध्येच कंपनीने १ जीबीचा पाय ५ ४५ डॉलरला काढला, आणि तो महागाईच्या हिशेबात बसतो. म्हणजे 'बोर्ड महागला' हे वाक्य अर्धं आहे. कोणता बोर्ड, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही.

आपल्यासाठी मात्र हिशेब वेगळा आहे, कारण आपण रुपयात मोजतो. ४ जीबीचा पाय ५ धरा. २०२३ मध्ये डॉलर ८३ रुपयांना होता, म्हणजे ६० डॉलरचे ४,९८० रुपये. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० च्या घरात, म्हणजे ७० डॉलरचे ६,३००. कंपनीने भाव वाढवला सुमारे १७ टक्के. आपल्याला तो पडला सुमारे साडेसव्वीस टक्के जास्त. डॉलरमध्ये कमावणाऱ्याची कुरकुर आणि रुपयात कमावणाऱ्याची अडचण एकाच आकड्याला चिकटलेली दिसते, पण दोन्ही सारख्या नाहीत.

आणि नुसत्या बोर्डाने काम होत नाही. त्याचा अडॅप्टर १२ डॉलर, पंख्याचा कूलर ५ डॉलर. डिसेंबर २०२५ च्या भावाने बोर्डासकट ८७ डॉलर झाले. ९० ने गुणा, ७,८३०. त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ९,२३९. अजून मेमरी कार्ड आणि टीव्हीला जोडायची केबल राहिली. विक्रेत्याचा नफा आणि कुरिअर तर धरलेलंच नाही. जाहीर झालेला भाव ७० डॉलर आणि हातात पडलेला भाव दहा हजारांच्या पुढे. हमीभाव आणि पट्टीवरचा भाव यांतला फरक आपल्याला नवा नाही. इथे तो उलट्या बाजूने लागतो एवढंच.

प्रत : काय वाढलं, काय गेलं

दुसरी तक्रार सोयींची. पाय ५ आधीच्या पाय ४ पेक्षा कामाप्रमाणे दोन ते तीन पट वेगवान आहे. त्याला पहिल्यांदाच चालू-बंद करायचं बटण आलं. वेगवान डिस्क जोडायची सोय आली. पण हेडफोनची खाच गेली. व्हिडिओ नोंदवताना तो दाबून लहान करणारं खास यंत्रांग गेलं, ते काम आता प्रोसेसरवर पडतं. कॅमेऱ्याची खाच अरुंद झाली, त्यामुळे जुनी पट्टी बसत नाही. आणि पूर्ण ताकदीने चालवायचा तर ५ व्होल्ट, ५ अँपियरचा अडॅप्टर लागतो. घरातला मोबाईलचा चार्जर लावला तर बोर्ड चालू होईल, पण यूएसबीला जोडलेल्या वस्तूंना वीज मोजूनमापून मिळेल.

या तक्रारी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रत्येक जण आपल्या कामाच्या खिडकीतून बघतो. ज्याला गाणी वाजवायची आहेत तो हेडफोनच्या खाचेसाठी भांडतो. ज्याला कॅमेरे लावायचे आहेत तो व्हिडिओसाठी. तुमचं काम यातलं नसेल तर ती तक्रार तुमची नाही.

उलट एखादी सोय तिकडच्या मंडळींना किरकोळ वाटते आणि आपल्याकडे तिचं मोल मोठं असतं. पाय ५ मध्ये घड्याळ आलं. त्याला छोटी बॅटरी वेगळी लावली की वीज गेली तरी वेळ चालू राहते. आधीच्या बोर्डांना हे नव्हतं. वीज गेली, परत आली आणि इंटरनेट नसलं, तर बोर्डाला तारीख-वेळ कळायचीच नाही. रात्री दोनला मोजलेलं तापमान कोणत्या दिवशीचं हेच सांगता येणार नाही. जिथे वीज जात नाही तिथल्या माणसाला ही अडचण सुचायचीही नाही. आपल्याला भारनियमनाने ती शिकवलेली आहे.

बाजारात ऑरेंज पाय, रॅडक्सा असे दुसरेही बोर्ड आहेत. कागदावर त्यांची प्रत कधी कधी उजवी दिसते. पण अडल्यावर विचारायचं कुणाला, आणि पाच वर्षांनी त्याची कार्यप्रणाली अद्ययावत मिळेल का, हेही प्रतीतच मोजायला पाहिजे. रास्पबेरी पायची ३२-बिट कार्यप्रणाली पहिल्या पिढीच्या बोर्डांवरही चालते. ही गोष्ट जाहिरातीच्या तक्त्यात दिसत नाही.

आवक : नसलेल्या मालाचा भाव

तिसरी तक्रार सगळ्यात जुनी. नोव्हेंबर २०१५ मध्ये पाय झिरो ५ डॉलरला आला, मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून फुकट वाटला, आणि एका दिवसात संपला. पुढे कितीतरी महिने तो हाती लागणं मुश्कील होतं. ज्यांना मिळाला त्यांतल्या अनेकांना टपालखर्च बोर्डापेक्षा जास्त पडला. हमीभाव जाहीर आणि खरेदी केंद्र बंद, तसलाच प्रकार.

२०२१ ते २०२३ मध्ये तर चिपांची जगभर टंचाई होती. कंपनीने तेव्हा ठरवलं की ज्या कारखान्यांची यंत्रं या बोर्डावर उभी आहेत त्यांना आधी माल द्यायचा, कारण माल नाही मिळाला तर तिथल्या लोकांचा रोजगार जाईल. हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. पण एकेक बोर्ड घेणारे विद्यार्थी, शिक्षक मागे राहिले आणि हातातले बोर्ड कितीतरी जास्त भावाने विकले गेले. ज्यांच्या नावाने वस्तू काढली तेच रांगेत शेवटी, ही सल खरी होती.

आणि त्या कुरकुरीचा उपयोग झाला. पाय ५ आणताना कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेरपर्यंत तयार होणारे बोर्ड एकेकट्या ग्राहकांसाठीच राखून ठेवू. तक्रार करणारा माणूस नुसता बडबडतो असं समजू नये.

आपल्याकडे आता स्थिती बरी आहे. पुण्याच्या विक्रेत्यांकडून परभणी जिल्ह्यात असे बोर्ड कुरिअरने मागवता येतात. पण मागवण्याआधी विचारा : बिघडला तर हाच बोर्ड पुन्हा मिळेल का? पाय ५ चं उत्पादन निदान जानेवारी २०३६ पर्यंत चालू ठेवू असं कंपनी सांगते. शाळेने वस्तू घेताना ही तारीख वेगाच्या आकड्यापेक्षा आधी वाचावी.

आपल्या बारवेचं पाणी

आता हे तिन्ही निकष आपल्याच गावावर लावून बघू. वालूरची चक्राकार बारव आपण गाळ काढून मोकळी केली. समजा तिच्या पाण्याची पातळी दर तासाला नोंदवायची आहे. पाय ५ घ्यायचा का?

वीज बघा. असा बोर्ड नुसता चालू ठेवला तरी साधारण ३ वॉट खातो. दिवसाचे ७२ वॉट-तास. १२ व्होल्ट, ७ अँपियर-तासाच्या बॅटरीत ८४ वॉट-तास असतात. म्हणजे ढगाळ हवामानात दीड दिवसही निघणार नाही. आणि काम काय, तर तासाला एक आकडा! ट्रॅक्टर लावून कुंडीतली माती उकरण्यासारखं झालं.

इथे मायक्रोकंट्रोलर हवा. रास्पबेरीचाच पिको ४ डॉलरचा आहे, करासकट सव्वाचारशे रुपयांच्या आसपास. ईएसपी३२ नावाचा बोर्डही असाच स्वस्त. तासभर झोपतो, क्षणभर उठतो, मोजतो, परत झोपतो. झोपेत तो वीज जवळजवळ खातच नाही. सोबत पातळीचा सेन्सर आणि सिमकार्डाचं मॉड्यूल लावलं की काम झालं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही स्वतःच्या वेगा प्रोसेसरवर एरीज नावाचे असे बोर्ड काढलेत.

मग मोठा बोर्ड कुठे शोभतो? शाळेत. एक बोर्ड, एक जुना टीव्ही, त्यावर पायथन आणि इंटरनेटशिवाय वाचता येणारा मराठी विकिपीडिया. किंवा कॅमेऱ्याने पानावरची कीड ओळखायची असेल तिथे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांचा डिजिटल शेतीचा प्रकल्प झालेला आहे. त्या वाटेने जाणाऱ्या पोराला सरावासाठी असा बोर्ड उपयोगी पडेल. नुसतं टायपिंग आणि हिशेब शिकवायचे असतील, तर दहा हजारांत जुना डेस्कटॉप बरा.

एक प्रश्न नेहमी येतो : मोबाईल असताना हे कशाला? मोबाईल वेगवान आहे, पण त्याला सेन्सरच्या वायरी थेट जोडता येत नाहीत आणि त्याच्या आत काय चाललंय ते मुलाला उघडून बघता येत नाही. बोर्ड त्याच्यासाठीच आहे.

ऐकू न येणारं मत

शेवटची गोष्ट. नव्या बोर्डावर जी मतं आपल्या कानावर येतात ती बहुतेक घेऊ शकणाऱ्यांची असतात. ते म्हणतात ६० चे ७० झाले, आणि घेतात. ज्याने दहा हजारांचा हिशेब करून वही मिटली, त्याचं मत कुठेच नोंदलं जात नाही. अशी वही वालूरमध्येही मिटत असेल. म्हणून आमचं सांगणं एवढंच की एकेकट्याने मोठ्या बोर्डाच्या मागे लागू नका. शाळेसाठी कमी मेमरीचा एकच बोर्ड वर्गणी करून घ्या. पोरांच्या हातात चारशे रुपयांचे पिको द्या, एखादा जळाला तरी चालेल. आणि काम सुरू झालं की कुठे काय अडलं, किती रुपये पडले, माल किती दिवसांनी आला, ते लिहून कंपनीला आणि विक्रेत्याला कळवा. मराठीत लिहिलं तरी चालेल. आपला भावही त्यांच्या कानावर जायला पाहिजे.