गर्भस्थ बाळ आणि घरांतील शिसें

घरांत नव्या बाळाची चाहूल लागली म्हणजे एकत्र कुटुंबांत नियमांस तोटा नसतो. सुनेनें काय खावें, काय वर्ज्य करावें, जड उचलूं नये, ग्रहण पाहूं नये, मन प्रसन्न ठेवावें, असे नाना उपदेश सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सर्वजणी तिला करीत असतात. ह्यांतील कांहीं नियम हिताचे, कांहीं केवळ रूढीचे; परंतु बहुतेक सारे त्या एकट्या गर्भवतीसच बांधलेले असतात. आज ज्या विषाविषयीं लिहावयाचें आहे, त्याची गोष्ट निराळी आहे. तें घरांत बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हातून येतें, आणि तें दूर ठेवण्याचें कामही साऱ्या घराचें आहे. तें विष म्हणजे शिसें.

पूर्वीं पेट्रोलांत शिशाचें संयुग मिसळीत असत. भारतांत ती चाल २००० सालीं बंद झाली. त्यामुळें शिशाचा प्रश्न मिटला, असें अनेकांस वाटतें. परंतु २०२० सालच्या युनिसेफच्या अहवालाप्रमाणें जगांतील सुमारें दर तीन मुलांमागें एकाच्या रक्तांत काळजी करण्याइतकें शिसें आहे, आणि अशीं मुलें सर्वांत अधिक भारतांत आहेत.

आईच्या उदरांत बाळ सुरक्षित असतें, बाहेरचें विष वार अडविते, असा एक समज आहे. शिशाच्या बाबतींत तो मुळींच खरा नाहीं. शिसें शरीरास कॅल्शियमसारखें भासतें. म्हणून जी वाट कॅल्शियमला मोकळी, तीच शिशासही मोकळी होते. आईच्या रक्तांतून तें वारेंत, वारेंतून नाळेंत आणि नाळेंतून बाळाच्या रक्तांत जातें. त्याच महिन्यांत बाळाच्या मेंदूची घडण चाललेली असते, आणि त्या नाजूक जोडणींत शिसें अडथळा आणतें. अमुक इतक्या शिशानें कांहींच अपाय होत नाहीं, अशी निर्धोक मर्यादा अद्यापि आढळलेली नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेचें स्पष्ट म्हणणें आहे.

अमेरिकेंतील बोस्टन शहरीं डॉ. डेव्हिड बेलिंजर, डॉ. हर्बर्ट नीडलमन व त्यांचे सहकारी ह्यांनीं २४९ बालकांच्या नाळेंतील रक्त जन्माच्या वेळीं तपासलें आणि तीं दोन वर्षांचीं होईपर्यंत त्यांच्या बुद्धीची वाढ मोजली. १९८७ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाळेंत शिसें अधिक असलेल्या बालकांचे गुण, शिसें कमी असलेल्यांपेक्षां सरासरीनें चार-पांचांनीं कमी भरले. हीं मुलें आजारी मुळींच दिसत नव्हतीं. ह्या विषाचें कपट तें हेंच. तें ताप आणीत नाहीं, पुरळ उठवीत नाहीं. पुढें मूल शाळेंत मागें पडतें, तेव्हां ‘अभ्यासांत लक्ष नाहीं’ असा बोल त्यालाच लागतो. तथापि पुढील तपासणींत एक आशादायक गोष्टही दिसली. जन्मानंतर ज्यांचा शिशाशीं संबंध कमी आला व ज्यांस घरची परिस्थिति अनुकूल होती, त्यांची ही उणीव पांचव्या वर्षाच्या सुमारास पुष्कळशी भरून निघाली.

शरीरांत गेलेलें शिसें बहुतेक हाडांत जाऊन बसतें आणि तेथें कित्येक वर्षें राहतें. गर्भारपणांत बाळासाठीं आईच्या हाडांतील कॅल्शियम झिजूं लागलें म्हणजे त्याबरोबर हें जुनें शिसेंही रक्तांत उतरतें. म्हणजे आज दहा वर्षांची मुलगी जी भेसळीची हळद खाते, तिचें मोल पुढें तिच्या बाळास द्यावें लागतें.

हळदीचें नांव येथें मुद्दाम घेतलें. हळकुंडें पिवळींजर्द दिसावीं म्हणून त्यांवर लेड क्रोमेट हा शिसेयुक्त रंग चढविण्याची लबाडी कांहीं ठिकाणीं चालते. बांगलादेशांतील खेड्यांत गर्भवतींच्या रक्तांत शिसें कोठून आलें, ह्याचा शोध घेतां घेतां संशोधक ह्या हळदीपर्यंत पोहोंचले. २०१९ सालीं तेथील बाजारांतील ४७ टक्के नमुन्यांत शिसें सांपडलें. सरकारनें तपासणी, दंड व लोकशिक्षण हीं नेटानें हातीं घेतलीं, तेव्हां २०२१ सालीं असा एकही नमुना आढळला नाहीं. आपल्याकडे मात्र २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत पाटण्याच्या कांहीं हळदींत कायद्याच्या मर्यादेहून कित्येक पटींनीं अधिक शिसें निघालें.

दुसरी वाट औषधांची. न्यूयॉर्क शहरीं २०११-१२ सालीं सहा गर्भवतींस शिशाची बाधा झाल्याचें आरोग्यखात्यानें नोंदविलें. त्या सर्वांनीं भारतांतून आलेलीं आयुर्वेदीय औषधें घेतलीं होतीं. ह्यावरून साऱ्या आयुर्वेदास दोष देणें अन्यायाचें होईल. पण नागभस्म हें शिशाचेंच भस्म आहे, हें विसरून चालणार नाहीं. शेंदूर हाही मुळांत शिशाचा, आणि कल्हईच्या कथलांत शिशाची भेसळ होऊं शकते. भिंतींच्या रंगांतील शिसें दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, हा नियम भारतांत २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वींचे रंग अद्यापि जुन्या दारां-खिडक्यांवर आहेतच.

म्हणून हळकुंडें ओळखीच्या ठिकाणाहून आणून घरीं दळवावीं, अति झळकणारा रंग पाहून भुलूं नये. वैद्याच्या वा डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून गर्भवतीस कोणतेंही भस्म देऊं नये. बाळंतिणीच्या खोलीस नवा रंग देण्याची हौस असल्यास जुना रंग खरवडतेवेळीं तिनें व मुलांनीं त्या घरांत राहूं नये. नाचणी, दूध, तीळ, पालेभाज्या तिच्या पानांत भरपूर असाव्या. कारण कॅल्शियम व लोह कमी पडलें म्हणजे शिसें अधिक शोषलें जातें. मेक्सिको शहरांत गर्भवतींस रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिल्यानें त्यांच्या रक्तांतील शिसें सरासरी ११ टक्क्यांनीं उतरलें. शंका वाटल्यास डॉक्टरांस विचारून रक्त तपासून घ्यावें.

ह्यांतील एकही गोष्ट गर्भवतीस एकटीनें साधण्याजोगी नाहीं. वाणसामान आणणारे मामंजी, औषध सुचविणाऱ्या आत्याबाई, रंगाऱ्यास बोलावणारे दीर, ह्या सर्वांचा हात तिच्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोंचतो. तेव्हां सुनेस उपदेश करण्यापूर्वीं घरच्या कर्त्या मंडळींनीं मसाल्याचा डबा, औषधांचें कपाट व दारांचा रंग एकदां डोळसपणें पाहावा, एवढीच विनंति आहे.