कप फुटला, की फोडला?

"आई, कप फुटला!"

हे वाक्य जरा नीट ऐक. कप फुटला. कोणी फोडला? त्याचा पत्ताच नाही! जणू कपालाच ओट्यावर बसून कंटाळा आला आणि त्याने आपणहून खाली उडी मारली!

पण आईसुद्धा काही कमी नसते. ती लगेच विचारते, "फुटला, की फोडलास?"

झालं! सापडला चोर! आणि पकडून कोणी दिला, ओळख पाहू? एका क्रियापदाने!

क्रियापद म्हणजे वाक्यात काय घडलं ते सांगणारा शब्द. धावणे, हसणे, खाणे, फोडणे. दिसायला सगळी सारखीच. पण त्यांच्यात दोन प्रकार लपलेले असतात.

पकडापकडी खेळताना काय होतं? ज्याच्यावर राज्य असतं, त्याला धावत जाऊन दुसऱ्या कोणाला तरी शिवावं लागतं. नुसतं जागच्या जागी धावून राज्य उतरेल का? छे! काही क्रियापदांचं अगदी असंच असतं. 'मीनाने फोडला' एवढंच म्हणून कोणी गप्प बसलं, तर तू लगेच ओरडशील, "अरे, पण काय फोडला?" कप? नारळ? फुगा? शिवायला कोणीतरी हवंच!

शिवणारी मीना म्हणजे कर्ता. जो शिवला गेला तो कप म्हणजे कर्म. आणि असं कर्म लागणारं क्रियापद म्हणजे सकर्मक क्रियापद. इंग्रजीच्या तासाला यालाच ट्रान्झिटिव्ह व्हर्ब म्हणतात आणि कर्माला डायरेक्ट ऑब्जेक्ट. नावंच तेवढी भारदस्त!

आता हे वाक्य घे. 'मीना झोपली.' संपलं! काय झोपली? कोणाला झोपली? विचारून तर बघ, तुझं तुलाच हसू येईल. झोपायला मीना एकटी पुरते. हे झालं अकर्मक क्रियापद. इंग्रजीत इन्ट्रान्झिटिव्ह.

म्हणजे युक्ती सोपी आहे. क्रियापदाला विचारायचं, काय? किंवा, कोणाला? उत्तर मिळालं की कर्म सापडलं!

पण थांब, इथे फसगत होते हं! 'राजू शाळेत गेला.' यातलं 'शाळेत' हे 'कुठे?'चं उत्तर आहे. 'राजू दहा मिनिटं धावला.' 'दहा मिनिटं' हे 'किती वेळ?'चं. ही कर्मं नव्हेत.

आणि 'आजीने राजूला लाडू दिला' यात तर दोन उत्तरं मिळतात! काय दिला? लाडू. कोणाला दिला? राजूला. मग डायरेक्ट ऑब्जेक्ट कोण? राजू? चूक! लाडू! आजीच्या हातून गेला तो लाडू. राजू नुसता हात पुढे करून उभा. तो इनडायरेक्ट ऑब्जेक्ट. (माझ्या मते खरी मजा त्याचीच!)

आता घडून गेलेली गोष्ट सांगताना आपली मराठी काय करामत करते बघ. ही वाक्यं मोठ्याने म्हण.

राजूने आंबा खाल्ला.
राजूने चिंच खाल्ली.
राजूने केळं खाल्लं.

राजू तर मुलगाच आहे, तो काही बदलला नाही. मग क्रियापद का बदललं? कारण क्रियापद राजूकडे बघतच नाही! ते बघतं आंब्याकडे, चिंचेकडे, केळ्याकडे. खाणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, जो खाल्ला गेला त्याचंच ऐकतात! अकर्मक क्रियापद मात्र गुपचूप कर्त्याचं ऐकतं. राजू धावला, मीना धावली.

काही क्रियापदं इथेही हट्टी आहेत. डबा घरी राहिला की राजू म्हणतो, "मी डबा विसरलो." मीना म्हणते, "मी डबा विसरले." डबा तोच, तरी क्रियापद बदललं! विसरणे, शिकणे, पिणे ही सकर्मक असूनही कर्त्याच्याच मागे जातात.

इंग्रजीत असलं काही नाही. आंबा असो की चिंच, क्रियापद 'एट'च. मग कर्म ओळखायचं कसं? जागेवरून! 'द कॅट कॉट द रॅट.' मांजराने उंदराला पकडलं. कॅट आणि रॅटच्या जागा बदल बरं. 'द रॅट कॉट द कॅट!' अरे देवा, उंदरानेच मांजराला धरलं! मराठीत मात्र 'उंदराला मांजराने पकडलं' असं उलटं म्हटलं, तरी उंदराची सुटका नाही. 'ने' आणि 'ला' सगळं सांगून टाकतात.

आणि काय सांगू! हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीलाही अशा खुणा होत्या. राजा कर्ता असेल तर 'से क्युनिंग'. तोच राजा कर्म झाला की 'थोने क्युनिंग'. पुढे या खुणा झिजून गेल्या. ही-हिम, शी-हर, दे-देम अशा थोड्याच उरल्या.

बरं, इंग्रजीत कप फुटला तर? 'द कप ब्रोक.' आणि मी फोडला तर? 'आय ब्रोक द कप.' दोन्हीकडे ब्रोकच! म्हणजे इंग्लंडमधल्या आईला 'फुटला, की फोडलास?' असं एकेका शब्दात विचारताच येत नाही. बिचारी!

मराठीत मात्र अशा जोड्याच जोड्या. फुटणे-फोडणे. तुटणे-तोडणे. सुटणे-सोडणे. पडणे-पाडणे. मरणे-मारणे. गळणे-गाळणे. पहिलं आपोआप होतं, दुसरं कोणीतरी करतं. आणि फरक किती? पडणेमधला 'प' जरा लांबवला, की झालं पाडणे! इवलासा स्वर बदलला आणि अकर्मकाचं सकर्मक झालं!

आता कान इकडे कर, कारण खरी गंमत पुढेच आहे.

इंग्रजीतही अशा थोड्या जोड्या शिल्लक आहेत! सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे, ठेवणे. राइझ म्हणजे वर येणे, रेझ म्हणजे वर उचलणे. लाय म्हणजे आडवं होणे, ले म्हणजे आडवं ठेवणे. (लाय आणि लेमध्ये भलेभले इंग्रजसुद्धा गोंधळतात, तेव्हा तू चुकलास किंवा चुकलीस तर फार मनावर घ्यायचं नाही!) फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे पाडणे. परीक्षेतलं फेल नाही हं! हे झाड पाडतानाचं फेल.

पडणे-पाडणे. फॉल-फेल. दोन्हीकडे नुसता स्वर बदललाय! हा योगायोग असेल?

मग आता संस्कृतकडे बघू. संस्कृतात 'सीदति' म्हणजे बसतो. आणि 'सादयति' म्हणजे बसवतो. सीद-साद. सिट-सेट. पुन्हा एकदा म्हण. सीद-साद, सिट-सेट!

नाही, हा योगायोग नाही! काही हजार वर्षांपूर्वी एक भाषा बोलली जात होती. तिच्यात लिहिलेला एक कागदसुद्धा कुणाला मिळालेला नाही. तिच्यापासून एकीकडे संस्कृत झाली आणि त्याच वाटेने पुढे प्राकृत भाषा आणि आपली मराठी. दुसरीकडे इंग्रजी आणि तिच्या बहिणी. 'करणे'ला 'करवणे' बनवायची युक्ती त्या जुन्या भाषेत होती. स्वर बदलायचा आणि शब्दाच्या शेवटी एक छोटा तुकडा जोडायचा. तो तुकडा संस्कृतात 'अय' झाला, 'सादयति'मध्ये तो अजून दिसतो. इंग्रजीत तो झिजून गेला, पण जाताना स्वर बदलून गेला!

या नात्याकडे सगळ्या जगाचं लक्ष कुठून वेधलं गेलं, ठाऊक आहे? आपल्या कोलकात्यातून! तिथल्या मोठ्या न्यायालयात विल्यम जोन्स नावाचे इंग्रज न्यायाधीश होते. भाषांचं त्यांना भारी वेड. कोलकात्यात येऊन ते संस्कृत शिकले आणि चकितच झाले. 2 फेब्रुवारी 1786 या दिवशी एशियाटिक सोसायटी नावाच्या संस्थेतल्या भाषणात त्यांनी सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या एकाच मुळातून आलेल्या असणार. इंग्रजीची जुनी नातलग गॉथिक भाषाही त्याच कुळातली असावी, असंही ते म्हणाले. ज्या भाषेचा एक कागदही उरला नाही, तिचा माग काढायचा म्हणजे काय चेष्टा आहे?

जाता जाता आणखी एक जोडी देतो. ही शोधायला जरा अवघड आहे, कारण तिच्यातल्या दुसऱ्या शब्दाने वेश पालटलाय!

ड्रिंक म्हणजे पिणे, हे तर बालवाडीतलं पोरही सांगेल. मग 'पाजणे' कुठे गेलं? ते आहे ड्रेंच! आज ड्रेंच म्हटलं की पावसात चिंब भिजवणे हाच अर्थ आठवतो. पण मुळात ड्रेंच म्हणजे प्यायला लावणे. अजूनही इंग्लंडमधल्या शेतकऱ्याची मेंढी आजारी पडली आणि त्याने तिला तोंडातून पातळ औषध दिलं, की तो म्हणतो, मी मेंढीला ड्रेंच केलं. मेंढी अगदी कोरडी असते बरं का! ती भिजलेली नसते. तिला फक्त औषध पाजलेलं असतं.