टायर, जुन्या मोटरसायकलींचे
जुन्या बनावटीच्या मोटरसायकलीसाठी टायर निवडताना मूळ माप, भारक्षमता, खाचांची रचना व रबराचे वय विचारात घेतात. चेन्नई (पूर्वीचे मद्रास) येथे तयार झालेल्या जुन्या ‘बुलेट’ 350 या गाडीच्या टायरावरील 3.25-19 या मापात पहिला आकडा टायराची रुंदी व दुसरा रिमचा व्यास (दोन्ही इंचांत) दर्शवितो. अरुंद रिमवर फार रुंद टायर बसविल्यास त्याचा छेद विकृत होऊन वळणावर गाडी अस्थिर होते. आऱ्यांच्या चाकास सामान्यतः ट्यूब लागते.

खाचा खोल दिसल्या, तरी उष्णता व ऑक्सिजन यांमुळे कालांतराने रबर कठीण होते, त्यास चिरा पडतात आणि ओल्या रस्त्यावरील पकड घटते. क्वचित वापरल्या जाणाऱ्या गाडीत हा धोका सहज लक्षात येत नाही. 2000 पासूनच्या टायरांच्या बाजूवरील चार अंकांवरून निर्मितिकाल कळतो (उदा., 2319 म्हणजे 2019 मधील 23 वा आठवडा).

नागपूर–हिंगणा परिसरात मे महिन्यात तपमान कधीकधी 45° से.च्या वर जाते. हवा कमी असलेला टायर चालताना अधिक दबतो व अधिक तापतो. म्हणून दाब टायर थंड असतानाच मोजावा. तापलेल्या टायरातील हवा काढू नये.