पेटी की पिशवी?

उन्हाळ्यात बर्फ हटवून मनाली-लेह रस्ता खुला झाला, की मोटारसायकलस्वारांची तिकडे रीघ लागते. अंतर चारशे किलोमीटरहून जास्त! वाटेत बारालाचा ला, तांगलांग ला अशा खिंडी. (लडाखी भाषेत ‘ला’ म्हणजे खिंड, बरं का!) तांगलांग ला तर पाच हजार मीटरहून उंच. दुपारी बर्फ वितळतं आणि नाल्यांचं पाणी काही ठिकाणी थेट रस्त्यावरून वाहू लागतं.

आता सांगा मुलांनो, अशा प्रवासात कपडे, औषधं, हत्यारं ठेवायची कशात? यावरून स्वारांमध्ये दोन तट आहेत. एक पेटीवाल्यांचा, दुसरा पिशवीवाल्यांचा!

गाडीच्या दोन्ही बाजूंना लावायची पेटी अॅल्युमिनियमची किंवा जाड प्लॅस्टिकची असते. तिला कुलूप लागतं, पाऊस आत शिरत नाही. पण लोखंडी चौकटीसह पेट्यांची जोडी रिकामीच दहा किलोंहून जास्त भरते. आपटून कड वाकली, तर झाकण नीट बसत नाही.

पिशवी जाड कापडाची. वजनाला हलकी, पडली तरी मोडत नाही, फाटली तर सुईदोऱ्याने शिवता येते. मात्र तिला कुणीही चाकूने फाडू शकतो. आत प्लॅस्टिकची पिशवी घालावी लागते. शिवाय ती तापलेल्या सायलेन्सरला टेकली, तर जळलीच म्हणून समजा!

मग निवड कशी करायची? चोर आणि पाऊस सगळ्यांना आठवतात. पण पहिला प्रश्न वेगळाच आहे : गाडी पडली तर पायाचं काय होईल? वाळूत किंवा दगडगोट्यांत तोल गेला, की स्वार पटकन पाय टेकतो. गाडी पुढे सरकते आणि मागची टणक पेटी पोटरीवर आदळते. पाय पेटीखाली सापडला, तर हाडही मोडू शकतं. पिशवी मात्र दबते. म्हणून खडकाळ वाटेवर पिशवी बरी. चांगला डांबरी रस्ता आणि शहरातले मुक्काम असतील, तर पेटी सोयीची.

ही युक्ती नवी नाही! याच रस्त्याजवळ त्सो कार नावाचं खारं तळं आहे. लडाखचे चांगपा मेंढपाळ पूर्वी मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर दोन्ही अंगांना छोट्या पिशव्या बांधून मीठ नेत. दोन्हीकडे वजन सारखं, म्हणून तोल जात नसे.

पेटी असो वा पिशवी, नियम तोच. जड वस्तू खाली, दोन्ही बाजूंना समान भार आणि सामान कमीत कमी. पटत नाही? सायकलच्या हँडलला एकाच बाजूला भरलेली पिशवी अडकवा आणि सायकल हाताने ढकलून पाहा. मग तेच सामान दोन पिशव्यांत वाटून दोन्हीकडे अडकवा. फरक लगेच कळेल.

आणि घरातले काका किंवा दादा लेहला निघाले, तर त्यांना आधी सामानाची यादी मागा. त्यातलं काय काय घरी ठेवता येईल, ते सगळ्यांनी मिळून ठरवा!