दोष चिपच्या आंत कीं बाहेर?

इटलींतील इव्रेआ या गांवीं २००५ सालीं विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठीं आर्डुइनो हा छोटा बोर्ड जन्मास आला. त्याचा 'ऊनो' हा प्रकार आज अनेक घरांतील मुलांच्या हातीं दिसतो. त्याच्या कडेच्या पिनांवाटे आज्ञा बाहेर जातात व वार्ता आंत येतात. दोन पिना नको असतां एकमेकींस भिडल्या, म्हणजे 'शॉर्ट' झाल्या, कीं एक दिवा लावावा तों दुसराच लागतो, किंवा चिप तापते. मग 'चिप जळली' असें म्हणून बोर्ड टाकून देण्यांत येतो. हा निकाल पुष्कळदां घाईचा असतो. दोष चिपच्या आंत आहे कीं बाहेर, हें आधीं ठरविलें पाहिजे.

तपासापूर्वीं यूएसबीची व इतर सर्व तारा काढाव्या. पिनांचे सांधे भिंगांतून पाहावे. डाख देतांना कथिलाचा बारीकसा पूल शेजारच्या पिनेपर्यंत गेलेला असूं शकतो. मग मल्टीमीटरनें शेजारशेजारच्या पिना, आणि प्रत्येक पिन व ५ व्होल्टांची पिन, यांमध्यें जोड आहे काय तें पाहावें. मात्र मीटर वाजला म्हणजे दोषच, असें नव्हे. ऊनोच्या तिसऱ्या आवृत्तींत ए-४ ही एसडीएशीं व ए-५ ही एससीएलशीं मुद्दामच जोडलेली आहे.

२८ पायांची चिप खोबणींत बसविलेली असल्यास निवाडा सोपा आहे. ती अलगद काढून पुन्हां मोजावें. जोड कायम राहिला तर दोष बोर्डावर. नाहींसा झाला तर तो चिपमध्यें. बोर्डावरील कथील तांब्याच्या वेणीनें टिपून घेतां येतें.

यूएसबीच्या संभाषणास दिलेल्या ० व १ या पिना वगळल्या तरी १८ पिनांच्या १५३ जोड्या होतात. हें काम प्रोग्रॅमकडून करवून घ्यावें. चिपच्या आंत प्रत्येक पिनेसाठीं २० ते ५० किलोओहमचा रोध असतो. 'इनपुट पुलअप' म्हटलें कीं तो पिनेस ५ व्होल्टांकडे ओढून धरतो. सर्व पिना अशा ठेवून बाकीच्या वाचाव्या. आरंभींच ० सांगणारी पिन ग्राउंडला भिडलेली समजावी. तेराव्या पिनेवर दिवा असल्यानें तिचें उत्तर मात्र सावधपणें घ्यावें. नंतर पाळीपाळीनें एकेक पिन शून्यावर आणावी. त्या वेळीं जी दुसरी पिन ० सांगेल, ती तिच्याशीं जोडलेली.

या परीक्षेंत दोन पिनांमधून पाव मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह जात नाहीं. परंतु दोन्ही पिना आउटपुट करून एक ५ व्होल्टांवर व दुसरी शून्यावर ठेवली, तर ४० मिलिअँपिअरची कमाल मर्यादा सहज ओलांडली जाते. यूएसबीच्या वाटेवरील ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज तेथें उपयोगी पडत नाहीं. त्याच्या हिशेबीं हा प्रवाह थोडाच. बाहेरचा कथिलाचा कण शोधतां शोधतां आंतली निरोगी पिन मरते, ती अशी.

चिपच बिघडली असेल तर खोबणींतील चिप तेवढी बदलावी; नव्या चिपमध्यें बूटलोडर आधींच भरलेला आहे, हें पाहून घ्यावें. बोर्ड मात्र टाकण्याचें कारण नाहीं.