शहर आंखण्यापूर्वीं शहर वाचावें

वर्गांतील मुलांपुढें कोरा कागद ठेवून ‘एक आदर्श शहर काढा’ असें सांगितलें, तर बहुतेक कागदांवर एकच चित्र उमटतें : सरळ रुंद रस्ते, दोहों बाजूंस झाडें, मध्यभागीं बाग आणि टोलेजंग इमारती. चित्र सुरेख असतें. परंतु या शहरास पाणी कोठून येतें, सांडपाणी कोठें जातें, आणि पहांटे रस्ता झाडणारा मनुष्य राहतो कोठें, हे तीन प्रश्न विचारले कीं कागद मुका होतो. टिकाऊ शहराच्या रचनेचें शिक्षण या मुकेपणापासूनच सुरू झालें पाहिजे.

टिकाऊ म्हणजे काय? संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलांड आयोगानें १९८७ सालीं याची व्याख्या केली. आजच्या पिढीनें आपल्या गरजा भागवाव्या, पण पुढील पिढ्यांची त्यांच्या गरजा भागविण्याची शक्ति हिरावून घेऊं नये, असा तिचा आशय आहे. संसारी मनुष्यास ही गोष्ट समजावून सांगावयास नको. व्याजावर घर चालवावें, मुद्दलास हात लावूं नये, हाच तो न्याय. शहराचें मुद्दल म्हणजे त्याची नदी, विहिरी, जमीन, झाडी, हवा आणि तेथें नांदणारीं माणसें.

हें शिक्षण कसें द्यावें, याचा मार्ग पॅट्रिक गेडिस (१८५४-१९३२) या स्कॉटिश पंडितांनीं दाखविला. ते मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. झाड जसें मातीपासून तोडून समजत नाहीं, तसें शहरहि भोंवतालच्या मुलुखापासून तोडून समजत नाहीं, ही त्यांची दृष्टि. १८९२ सालीं त्यांनीं एडिंबरो येथें एक उंच मनोरा घेऊन त्याचें शिक्षणमंदिर केलें. पाहुण्यास प्रथम माथ्यावर नेत. तेथें आरसा व भिंग यांच्या साहाय्यानें सभोंवारच्या शहराचें हलतें प्रतिबिंब एका मेजावर पडे. मग उतरतां उतरतां एडिंबरो, स्कॉटलंड, युरोप व अखेर सर्व जग, अशीं दालनें लागत.

१९१४ सालीं गेडिस हिंदुस्थानांत आले, आणि १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक झाले. आधीं पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा दंडक. त्या काळीं दाट वस्तींतून सरळ रुंद रस्ता काढणें म्हणजेच सुधारणा, असें मानलें जाई. त्यांत गरिबांचीं घरें पडत, आणि बेघर झालेले लोक शेजारच्या वस्तींत कोंबले जाऊन तेथील दाटी वाढे. गेडिस यांनीं उलट सुचविलें कीं, पडकीं घरें तेवढीं काढावीं, तेथें लहान मोकळ्या जागा करून झाडें लावावीं, आणि बाकीची वस्ती जपावी. कुशल शस्त्रवैद्य रोगट भाग तेवढाच कापतो, तसेंच हें.

होळकरांच्या इंदूर शहरासंबंधीं त्यांचा अहवाल १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्या कामाच्या वेळीं शहरास प्लेगची धास्ती होती. गेडिस यांनीं जाहीर केलें कीं, ज्या भागांत अधिक घरें झाडूनपुसून स्वच्छ होतील, त्या भागांतून दिवाळीची मिरवणूक जाईल. घरोघर झाडलोट सुरू झाली. मिरवणुकींत प्लेगच्या उंदराची प्रतिमाहि होती. जें काम हुकुमानें झालें नसतें, तें सणाच्या उत्साहानें झालें.

शाळेंत हाच क्रम चालवितां येतो. नवें शहर कल्पिण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं आपलीच पेठ पायीं हिंडून पाहावी : किती घरें, किती झाडें, किती नळ, पावसाचें पाणी कोणत्या बाजूस वाहतें. मग वहींत हिशेब मांडावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी मिळतें. पुण्यास वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटरच्या छपरावर ७०,००० लिटर पाणी पडेल. पांचवा हिस्सा वायां गेला, तरी ५६,००० लिटर उरेल. भारतांत भुयारी गटारें असलेल्या शहरांसाठीं दर माणशीं दररोज १३५ लिटर हें प्रमाण धरतात. पांच माणसांच्या कुटुंबास त्याप्रमाणें रोज ६७५ लिटर लागेल. म्हणजे छपरावरचें सारें पाणी सांठविलें, तरी तें सुमारें ८३ दिवस पुरेल. उरलेल्या २८२ दिवसांचें पाणी कोणत्या धरणांतून येतें, आणि त्या धरणाखालीं कोणाची जमीन गेली, हें विद्यार्थ्यांनीं शोधावें.

वापरलेल्या पाण्यापैकीं सुमारें ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतें, असें अभियंते धरतात. त्याच घरांतून तें रोज ५४० लिटर निघेल. शुद्ध न करतां तें नदींत सोडलें, तर खालच्या गांवाच्या पाणवठ्यावर जातें. आपली घाण दुसऱ्याच्या माथीं मारणारें शहर कागदावर कितीहि हिरवें दिसलें, तरी टिकाऊ नव्हे.

एवढें झाल्यावरच नवा आराखडा काढूं द्यावा, आणि त्यासाठीं एक नियम असावा. ज्याची रेघ एखाद्या घरावरून जाईल, त्यानें त्या घरांत कोण राहतें, त्यांचा व्यवसाय काय, त्यांस कोठें नेऊन बसविणार, आणि ती जागा त्यांच्या कामापासून किती लांब, हें समासांत लिहावें. हें लिहितां लिहितां पुष्कळ रेघा पुसाव्या लागतील, आणि रस्ता थोडा वांकडा होईल. तो वांकडेपणा शिक्षकानें चूक म्हणून तांबड्या शाईनें खुणावूं नये.